कच्चा बिंदू

बिंदू चौकातनं वळलो तर
डावा डोळा म्हणाला, पाटी निळी आहे.
उजवा म्हणाला, मळकी.
दोघांच्या भांडणात मी
रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

डाव्याचं ऑपरेशन माघात झालं.
उजव्यातला अजून पिकला नाही, असं मी म्हणायचो,
शेजारीपाजारी विचारायचे तेव्हा,
आढीतल्या आंब्याबद्दल बोलावं तसं.
डॉक्टर मुजावर बाई म्हणाल्या,
पिकायची वाट आता कोण बघतंय?
नडायला लागला की काढायचा.

एकतीस वर्षं शिरोलीत भट्टीच्या तोंडाशी होतो.
लोखंड ओतायला आलं की नाही
ते मी रंगावरनं सांगायचो, मीटरच्या आधी.
नारिंगी. पिवळं. मग तो एक पांढरा,
ज्याला नाव नाही,
तो दिसला की हात वर करायचा.
चष्मा कंपनीनं दिलेला, काळ्या काचेचा.
खिशात असायचा, तंबाखूच्या डबीशेजारी.
काचेतनं रंग खोटा दिसतो, म्हणायचो.

मेव्हण्यानं महाद्वार रोडवरनं बाटली आणली.
सातशे चाळीस रुपये, गोळ्या तीस.
डाव्या डोळ्यानं बारीक अक्षर वाचलं:
झेंडूच्या फुलांचा अर्क.

झेंडू!
खंडेनवमीला भट्टीला पाच पाच किलो वाहायचो,
लेथला, क्रेनच्या आकड्याला, साहेबाच्या गाडीला,
आणि दसरा उलटला की खराट्यानं ओढून
मळीच्या ढिगावर.
किती बाटल्या झाल्या असत्या, सगुणाला म्हणालो.
ती पोकळा निवडत होती. म्हणाली,
यातही तेच असतं म्हणतात,
पंधरा रुपयाला जुडी.

मग बाटली घेऊनच बाईंकडं गेलो.
त्यांनी ती उलटीसुलटी केली.
घेतलीत तर बिघडत नाही, म्हणाल्या,
खिसा तेवढा हलका होईल.
आलेला बिंदू गोळीनं पुसत नाही,
आणि येणारा थांबेल असंही
छातीठोक कुणी सांगत नाही.
पालेभाजी खा. साखर तपासत जा.
उन्हात काठाची टोपी. तंबाखू बंद.
एवढं करूनही यायचा तो येतो,
कदाचित जरा उशिरा.
किती उशिरा? मी विचारलं.
त्या हसल्या.
कागदावर काही लिहिलं नाही.

रात्री झोप लागेना.
सगुणाच्या ताटांचा हिशेब मांडत बसलो,
तांदळजा, माठ, घोळ, शेपू,
ताटाच्या कडेला सरकवलेले ते ढीग,
आणि वर माझं ठरलेलं वाक्य,
मी काय शेळी आहे?
लग्न झाल्यापासनं रोज एक मूठ धरली
तरी ट्रॉली भरली असती.

पगाराच्या दिवशी गेटवर जाऊन उभा राहिलो.
माझ्या जागेवर आता मोहसीन देसाई,
सव्वीस वर्षांचा, पापण्या करपलेल्या.
चष्मा कपाळावर.
म्हटलं, लेका, तो खाली ओढायचा असतोय.
म्हणाला,
काका, काचेतनं रंग खोटा दिसतोय की.

मला बोलता आलं नाही.
बाटली त्याच्या हातात दिली, मग परत घेतली.
गोळी देऊन काय होणार होतं?
त्याचा हात धरला आणि
माझ्या उजव्या डोळ्यासमोर आणला.
म्हटलं, बोटं किती ते मला विचार.
त्यानं विचारलं.
मी सांगितलं, धूर आहे.
चष्मा त्यानं खाली ओढला,
माझ्यादेखत तरी.

काल रविवार.
वाटीत पांढरा रस्सा.
डावा झाकला तर त्यात हळद पडलेली,
उजवा झाकला तर दूध.
दोनतीनदा झाकून बघितलं. सगुणा म्हणाली,
पोरासारखं काय चाललंय?
आणि न विचारता
ताटात मूठभर पोकळा वाढला, लसणाची फोडणी दिलेला.
दोन्ही डोळे मिटून खाल्ला.

चव अजून शेळीचीच आहे.
जुडी मात्र आता मीच आणतो,
आणि हिरवी कोणती ते
डाव्याला विचारतो.