पहाटे तीनची ड्यूटी

निपाणीत राहून तंबाखू सोडायची म्हणजे
तळ्यात उभं राहून कोरडं राहायचं,
गुंजटकर म्हणाला, आणि हसता हसता
कंबर धरून भिंतीला टेकला.
वखारीचा वास खिडकीतून आत.
उंबऱ्याशी शालन मांडीवर सूप घेऊन
पानं कापत होती.

बर्फावरून घसरलेली ती एक रात्र
त्याच्या मणक्यात अजून ड्यूटीवर आहे.
पहाटे तीनला हाक देते.
विडी आधी पेटते,
डोळे नंतर उघडतात.

बेळगावच्या दवाखान्यात महादेवी सिस्टर
विचारतात, "नोव ऐती? दहात किती?"
तो सात सांगतो. नऊ असतं.
धुरानं दुखणं वाढतं, त्या समजावतात.
तो मान हलवतो, साहेबापुढे हलवायचा तशी.
मला ती मान ठाऊक आहे.
माझीही तशीच हलायची.

म्हणून तीनला फोन मी लावतो.
"थम! कौन आता है?"
"दोस्त."
मग दोघं आपापल्या अंधारात
फुटाणे चघळत बसतो.
तो शिव्या देतो, मला, मणक्याला,
पेन्शनच्या बाबूला.
दहा मिनिटं जातात.
कधी जात नाहीत.

काल अकरावा दिवस.
आज सकाळी त्यानं सुपातून एक उचलली,
कानामागे खोवली.
पेटवली नाही, म्हणतो.

शालननं काही विचारलं नाही.
हात लांबवून ती काढून घेतली,
"दोरा सैल होता," म्हणाली,
पुन्हा बांधली
आणि हजारात मोजली.