तिसरा भराव

आम्ही माती वाहणारे. साप आम्ही मारला नाही.
तो मारला पूर अडवणाऱ्या राजाने.
तेव्हा आम्ही खाली पीत नदीच्या काठी
वेताच्या टोपल्यांना कान वळत होतो.
आम्हाला बोलावलं ते वास सुटल्यावर.

नऊ डोंगरांवर नऊ तोंडं एकदम चरायची म्हणे,
अंग टेकेल तिथं दलदल,
पाणी आंबट म्हणावं तर कडू,
कडू म्हणायला जीभ जागेवर राहत नसे.
हे ऐकीव.
मी पाहिलं ते रक्त,
राळ्याच्या पेजेसारखी साय धरलेलं.

तीन पुरुष खोल खणा, राजा म्हणाला.
खणलं, भरलं. सकाळी बघतो तर
भराव खाली बसलेला
आणि माझीच टोपली वर तरंगतेय.

दुसऱ्यांदा भरलं.
शू-दा नावाचा पोरगा होता, धुमस करताना मोठ्यानं मोजायचा.
चाळीस म्हणाला आणि जमीन गेली.
त्याच्या आईकडे मला धाडलं,
तुझं तोंड बरं आहे, मुकादम म्हणाला.
एकच तोंड,
तेही उंबऱ्याशी उघडेना.
तिनंच विचारलं, किती मोजून झाले होते?

मुंडकी पुरायचं कामही आमच्याकडेच.
आठांच्या जबड्यात काय काय:
देवदाराची साल, हरणाचं शिंग, एक अख्खं बिजागर.
नववं लहान. दात कोरे,
तान्ह्याच्या नखासारखे पांढरे.
त्याच्यापर्यंत पाळी येण्याआधीच
बाकीचे पोट भरत असणार.
पोट एकच. पण आपण जेवलोय
हे त्याला कुणी सांगितलं असेल?
मी मुकादमाला विचारलं.
त्यानं मला लांबच्या खाणीवर टाकलं.

तिसरा भरावही खचला.
मग राजानं खड्ड्याचा नाद सोडला,
उपसलेल्या चिखलाचा चौथरा रचला
आणि देवांना वर बसवलं.
देव बसले. खचले नाहीत.
तिरंदाज आता त्या दिशेला बाण सोडत नाहीत.

मी जेवायला त्याच दिशेला तोंड करून बसतो.
पहिला घास वाडग्याबाहेर ठेवतो,
चाळीसपर्यंत मोजतो, मग खातो.
बायको म्हणते, कुणाचं काय नि कुणाचं काय,
कोंबड्या मात्र माजल्यात.