हजेरीपट

जानेवारीतल्या पहिल्या मंगळवारी
मिसुरी इतकी गोठली होती की तिच्यावरून ट्रक जात होते.
बिस्मार्कच्या सभागृहात ओल्या लोकरीचा वास,
आणि माझ्या हातात टंकलेली चार पानं,
एका मुदतीची सगळी माणसं
आडनावांच्या क्रमानं.

आन्हाल्ट, एमिल. हजर.
आउने, तोर्वाल्ड. हजर.

या दोघांचं कुंपणावरून सात वर्षं वाकडं.
मुळाक्षरांना त्याचं सोयरसुतक नाही.
साठ दिवस मी त्यांना एकाच श्वासात घेतलं,
आणि एकमेकांकडे पाठ करून
ते माझ्या तोंडात शेजारी राहिले.

अध्यक्ष झाला रोस्टबर्ग, तीन मतांनी.
धान्याच्या कोठारांचा मालक;
हातोडा असा धरायचा की आता पोत्याचं तोंड शिवणार.
बहुमताचा नेता कोण, ते दारावरच्या पितळी पाटीवर होतं.
पण मी उंचावर बसते, मला माना दिसतात.
मागच्या रांगेत लीडिया श्वाइगर्टनं विणकाम खाली ठेवलं
की अकरा हात वर जायचे.
तिला पाटी नव्हती. पाटी लावायला दार नव्हतं.
एक खुंटी होती, तिच्यावर निळा स्कार्फ.

आणि ऑगस्टस टू क्रो.
ज्या गावानं त्याला धाडलं ते धरणाच्या पोटात गेलेलं:
मतदार टेकडीवर, पत्ता पाण्याखाली.
तो कधी 'हजर' म्हणाला नाही.
म्हणायचा, "आहे."
रोस्टबर्गनं एकदा टोकलं.
टू क्रो उठला. "हजर तर मी कोर्टातही असतो, साहेब,"
आणि बसला.

एक्केचाळिसाव्या दिवशी
खेड्यांतल्या परिचारिकांचं विधेयक मताला येणार होतं.
आदल्या रात्री वादळ. लीडियाची गाडी
लिंटनच्या रस्त्याला बर्फात सापडली,
दिवे लागलेले, मांडीवर अर्धा विणलेला मोजा.
सकाळी मला कुणीतरी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.
पण जिभेला वळण पडतं.

श्वाइगर्ट, लीडिया.

वाफेच्या नळ्यांची टकटक ऐकू आली.
रीत अशी, की मी तीन मोजते आणि 'गैरहजर' लिहिते.
एक मोजला. दोन.
"आहे," टू क्रो म्हणाला,
त्याची पाळी नसताना.

मी काय लिहिलं ते नोंदीत आहे; जाऊन बघा.

त्या दिवशी अकरा हातांना कळेना कधी वर जायचं.
सहा गेले. विधेयक दोन मतांनी पडलं.
कॉफीच्या रांगेत आउनेनं साखर पुढे केली,
आणि आन्हाल्टनं, जो जन्मात साखर घेत नाही,
दोन चमचे घातले.

पंधरवड्यात नेत्याची पाटी उतरली, दुसरी चढली.
भोकं तीच. स्क्रू जरा सैल.

साठाव्या रात्री कामं उरली आणि बारा वाजत आले.
रिवाजाप्रमाणे मी स्टुलावर चढून लंबक धरला.
पहाटे चारपर्यंत अकरा पंचावन्न होते;
रोस्टबर्गनं तेवढ्यात सतरा विधेयकं शिवून टाकली
आणि हातोडा खिशात घालून विसरून घरी गेला.

बर्फ सुटायच्या दिवसांत छायाचित्रकाराचा पोऱ्या आला,
भिंतीवरच्या चौकटीसाठी लंबगोल चेहरे घेऊन.
मधे अध्यक्ष, भोवती नेते, तळहाताएवढे.
बाकीचे नखाएवढे.
एक नख चिमटीत धरून तो म्हणाला,
हिला घ्यायची का? मुदत पुरी नाही केली हिनं.

बाहेर नदी तडकत होती, बंदुकीच्या आवाजात.
मी म्हटलं, आधी ही मोठ्या आकारात काढून आण.
मग बघू कुठे बसते.