सातवा खर्डा

पहिल्या खर्ड्यात तिजोरी कान लावून उघडायची.
खडेबाजारातला दस्तगीर किल्लेदार हसला,
हातातली कानस खाली न ठेवता म्हणाला,
"बाई, कान लावून उघडतंय ते शेजाऱ्याचं भांडण.
किल्ली असती कारकुनाकडं,
आणि कारकून ती कॅलेंडरमागं टांगतोय. बघा जाऊन."
घरी येऊन बावीस पानं फाडली.

दुसऱ्यात माझा हेर निपाणीला उतरला.
तंबाखूची वखार, पोत्यांखाली नकाशे,
सहा माणसं, अंधार, नव्वद सेकंद.
वखार बघायला गेले तर सातव्या सेकंदाला
मलाच शिंक आली.
शिंक ठेवली.

तिसऱ्यात त्याला पकडायचा होता. कशावरून?
कागद चोख, मिशी खरी,
कचेरीत कन्नड, कट्ट्यावर मराठी, पानपट्टीवर हिंदी.
पण एवढं तर आमच्याकडं शाळेतली पोरं करतात,
अर्धं बेळगाव हेर ठरेल.
चार रात्री अडून बसले.
आई स्वयंपाकघरातून ओरडली,
"खर्डे लिहितीस नुसते, भाकरीसंगं खातीस कवा? ये की गं!"

तो 'की'.
हेराच्या साठ पानांत एकही 'की' नव्हता.
चहावाल्या भरमानं तेवढ्यावरून त्याला धरला.

चौथा आणि पाचवा मुंबईत वाचले गेले.
"एका अक्षरावर हेर सापडतो? कोणाला कळणार?"
सहाव्यात निपाणीचं लिस्बन झालं,
पोत्यांत हिरे आले,
भरमाच्या जागी हेलिकॉप्टर चालवणारी मुलगी.
मी सही केली. घराचा हप्ता होता म्हणून.
नाही, हप्ता नव्हता.
पडद्यावर नाव हवं होतं.

इथं लागला तेव्हा दस्तगीरला घेऊन गेले.
दोन तास तो खारे दाणे खात होता, बोलला नाही.
मग लिस्बनच्या त्या काचेच्या बँकेत
नायकानं भिंतीवरचं कॅलेंडर सरकवलं.
मागं खिळा. खिळ्याला किल्ली.
थिएटर गप्प. लोकांना ती चूक वाटली असणार.
दस्तगीर एकटा इतका हसला
की दाणे सांडले, खुर्ची करकरली,
आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी वळून म्हणालं,
"सुम्न कुंडरी मामा, गप बसा की!"

सातवा खर्डा कोणी मागितला नव्हता.
अंधारात मी पर्समध्ये पेन चाचपत होते.