नऊ मिनिटांचं पावणं

वडगावात, माग बंद पडलेल्या खोलीत माझं दुकान.
गॅदरिंगचे ड्रेस भाड्यानं मिळतील,
फलकावर हे कानडीत मोठं, मराठीत बारीक.
डिपॉझिट दोनशे. डाग पडला तर विसरा.

खिळ्यांवर सगळे एकाच उंचीला टांगलेले,
वाघ, पोस्टमन, फुलपाखरू, दोन ढग
आणि नीलगरुड, छातीवर जरीचं पंख,
पाच वर्षं ज्यानं माझं लाइटबिल भरलं.

यंदा त्याचा चौथा भाग आला.
त्यात म्हणे धूम्रा येते, दुसऱ्याच कुठल्या सिनेमातली.
येते, कोसळता पूल एका हातानं धरते,
एक शब्द न बोलता जाते.
नऊ मिनिटं. पोरांनी मोजलीत.

मग दारात रांग. "मावशी, धूम्रा हाय काय?"
कंग्राळीची इंद्रायणी, शहापूरचा मल्लेशी,
इनासच्या दोन्ही जुळ्या.
"नीलगरुड घे की गा, इस्त्री केलेला हाय."
मल्लेशीनं नाक मुरडलं,
"तो नुसता रडतोय ह्या टायमाला."

मीही गेले, सहाच्या खेळाला.
खरंच रडत होता.
रडेल नाही तर काय? बाप त्याचा मेलेला,
शहर त्याचं जळलेलं, मागच्या तीन भागांची भांडणं
त्याच्याच दारात येऊन बसलेली.
घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.
तिला काय! तिची आई तिकडं मरते, तिच्या सिनेमात.
इथं ती फक्त देखणी.
पावण्याच्या ताटात तूप सोडावं तसा
सगळा उजेड तिच्यावर सोडलेला
आणि ह्याच्या वाट्याला खरवड.
शिट्ट्या अशा, की शेजारच्या आजोबांनी
कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.
त्यातली एक शिट्टी माझी होती.
आता बोललेच आहे तर तेही सांगते.

साडीच्या अस्तरातून सात धूम्रा शिवल्या.
राखाडी संपला, शेवटच्या दोघी जांभळ्या.
सुपार्श्व चौगुले सगळ्यात उशिरा आला,
दप्तर पोटाशी, नजर खिळ्यावर.
"धूम्रा संपल्या रे."
"नीलगरुडच पाहिजे. बाईंनी सांगितलंय,
कोणतरी एक लागतोयच."

गॅदरिंगला मी मागच्या खुर्चीवर होते.
सात धूम्रा एकदम आल्या. पुठ्ठ्याचा पूल एकच.
सातांनी सात बाजूंनी धरला, मधोमध फाटला.
पडद्याआडून बाई आधी कानडीत ओरडल्या, मग मराठीत.
टाळ्या पडल्या, मोबाइल वर झाले,
आणि एकेक धूम्रा विंगेतून थेट
आपापल्या आईकडं गेली.

गाणं अजून दोन मिनिटं उरलेलं.
स्टेजवर एकटा सुपार्श्व, हात पसरून.
काखेत मीच घट्ट शिवलं होतं, हात खाली येईनात.
लोक बॅटरी लावून चपला शोधू लागले.
तो तसाच उभा, ओठांनी आकडे मोजत.
गाणं थांबल्यावर वाकला,
पुलाचे तुकडे एकावर एक रचले
आणि दोन खेपांत आत नेले.

धूम्रा आठवडाभर येत राहिल्या,
एक कढीत बुडालेली, एकीचं बेल्टच नाही.
डिपॉझिटवरून इनासची बायको भांडून गेली.

नीलगरुड दुसऱ्याच दिवशी सकाळी आला,
धुतलेला, पेपरात गुंडाळलेला.
घडी मोडली तर आत, डाव्या बाजूला, एक खिसा.
मी कधी ठेवला नव्हता. त्याला कशाला लागतो खिसा?
टाके वाकडे, दोरा शाळेच्या चड्डीचा, खाकी,
आत शेंगांची चार टरफलं.

उसवायला कात्री घेतली होती.
टरफलं तेवढी झटकली,
आणि ड्रेस होता त्या खिळ्याला अडकवला.