इसार

प्रज्योत मोबाईल पुढे करतो,
"आत्या, हे कॉल, हे पुट. लय सोपं आहे."
मी टपालाच्या थैलीला गाठ मारत असते.
सोपं आहे, हे मला माहीत आहे.
आमच्या संत्र्यांत ते बत्तीस वर्षं आलं,
इंग्रजी नावाशिवाय.

आंबिया बहाराचं फळ लिंबाएवढं, हिरवंगार,
आणि वरूडचे रऊफभाई धुऱ्यावर उभे.
झाडं मोजायचे नाहीत, नुसती सावली बघायचे.
मग बाबांच्या हातावर इसार:
दिवाळीनंतर हाच बगीचा, याच भावाला.
भाव चढला तर रऊफभाईंचं नशीब.
पडला तर इसार सोडून निघून जायची मुभा.

एका भादव्यात रात्रभर फळगळ झाली.
टपटप ऐकत बाबा खाटेवर बसून होते.
सकाळी रऊफभाई आले, चहा प्यायले.
"ढोकेजी, इसार तुमचा, बगीचा तुमचा."
बाबा त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले.
भांडण कशाचं?
नाही म्हणायची किंमत आधीच दिली होती त्यांनी.

पुढच्या साली मात्र जबान झाली, दोघांचीही.
नागपुरात भाव अर्ध्यावर आला
तरी ट्रक आलाच.
पेट्या भरून होईस्तोवर रऊफभाई एक शब्द बोलले नाहीत.
तो फ्युचर होता.

"आणि निफ्टी म्हणजे पन्नास कंपन्या, आत्या."
मला बाबांचा बुधवारचा बाजार आठवतो.
दुकानं तीनशे. बाबा थांबायचे मोजक्या ठिकाणी:
सरकीवाला, लोखंडवाला, ठोक किराणा, बैलांचा दलाल.
घरी येऊन आईला सांगायचे, "आज बाजार बरा होता."
त्या वाक्यात ठोकवाल्या कोठारींची शिंकसुद्धा ऐकू यायची.
सुगंधा कासारणीची दिवसभर न सुटलेली पेटी
कधीच नाही.
तरी वाक्य खोटं नव्हतं.
ज्याचं वजन जास्त, त्याच्याकडे झुकलेलं होतं.

"मंग यात बगीचा कोनता रे?"
"बगीचा नसतो. आकडा असतो. आकड्यावर इसार."
"अन् तोडायले कोन येते?"
"कोणीच नाही. मुदत संपली की हिशोब."
मुदतही आठवडी, बाजारासारखी.

मग खालच्या आवाजात त्यानं सांगितलं:
सेतू केंद्रातून जमवलेले अठरा हजार.
"दिशा बरोबर होती, आत्या. वर गेलंच होतं.
पण मुदत संपल्यावर."

मी त्याला बाजारात नेलं.
सकाळी मेथीची जुडी वीसला होती,
चारला दहा, दिवेलागणीला पाच.
मेथीनं काही चूक केली नव्हती.
कोणी आवक वाढवली नव्हती.
नुसता दिवस गेला होता.

"थीटा," प्रज्योत पुटपुटला.
असेल. मी तीन जुड्या घेतल्या.

रात्री तोच निवडत बसला,
पिवळी पानं एकीकडे,
फोन पाटाखाली उलटा.