पाच किलो कांदे

पहाटे चारला व्हेन्देलीन आला,
हात मोकळे, खिशात चहापुरती नाणी.
एकाहत्तर वर्षांचा. दोन्ही गुडघ्यांत
पोप्रादच्या डॉक्टरनं बसवलेलं लोखंड.
"नुसता येतो," म्हणाला. "पाहुण्यासारखा."

मी लाकडी चौकट पाठीवर घेतली.
पीठ, गॅसची टाकी, बियरचं पिंप,
सगळ्यात वर कांद्यांची पिशवी.
त्रेचाळीस किलो.
तो ऐंशी न्यायचा. सांगत नाही कधी,
पण त्याच्या खांद्यांवर अजून दोन खोबणी आहेत,
पाऊस साठेल एवढ्या.

खाली स्प्रूसचं जंगल.
म्हणजे होतं. वादळानं एका दुपारीत आडवं केलं.
आता ओंडक्यांमधून रासबेरी, जांभळी फुलं,
आणि माणसाएवढी पोरसवदा झाडं
उभं राहायची सवय करून घेताहेत.
तात्राची ही वाट त्याला पाठ आहे,
म्हणजे खरोखर पाठीलाच पाठ:
कुठल्या दगडावर वजन डावीकडे टाकायचं,
कुठं श्वास राखून ठेवायचा,
कुठल्या बुंध्यावर चौकट टेकवून
न बसता बसायचं.

आज पाठीवर काही नव्हतं
आणि तिला काही आठवेना.

ओढ्याशी ठेचकाळला. पुलावर पुन्हा.
रिकाम्या बादलीसारखी
त्याची पावलं वाजत होती.
मी पुढं, मान खाली,
माझ्याच घामाचे थेंब मोजत.
विचारलं नाही. चढावर विचारत नाहीत.

मग झाडं विरळ झाली.
एकेकटे पाईन, वाऱ्याकडच्या बाजूला फांदीच नाही.
मग खुजे पाईन, कमरेइतके,
मग गुडघ्याइतके, दगडांना धरून रांगणारे.
शंभर वर्षांचं झाड,
आणि ओझ्यानं वाकलेली मीसुद्धा
त्याच्या शेंड्यावरून पलीकडं बघते.
वर जगायचं तर वाकावं लागतं
असलं काही मी म्हणणार नाही.
ती वाकलेली नाहीत. ती एवढीच आहेत.

त्यापुढं झाड ही गोष्टच संपते.
दगडफूल. शेवाळ.
मुठीएवढ्या हिरव्या उशीवर
टाचणीच्या डोक्याएवढी गुलाबी फुलं.
कुठूनतरी मार्मोटची शीळ,
आणि तिच्यामागून वारा,
आडवा, अडवायला कुणी नसलेला.

त्यानं व्हेन्देलीनला ढकललं.
जोरात नाही. सहज,
दोरीवरचा शर्ट हलवावा तसं.
तो खाली बसला. माझ्याकडं बघेना.
"काहीतरी दे," म्हणाला.
"काय?"
"काहीही. वजनाचं."

मी कांदे दिले.
त्यानं पिशवीच्या बंदांतून दोन्ही हात घातले,
खांदे उचलून ती खोबणीत बसवली,
कपाळ पुढं काढलं,
आणि त्याच्या पायांना जमीन सापडली.
शेवटचा तासभर
मला त्याची पाठच दिसत होती.

वर योलाना, तिचा तराजू, तिची फाटकी वही.
इथला नियम जुना आहे:
जो काही आणतो, त्याला चहा फुकट.
तिनं कांदे तोलले, हसली नाही,
माझ्या नावाखाली लिहिलं:
व्हेन्देलीन, पाच किलो.

त्याचा हात खिशात गेला.
नाणी वाजली. बाहेर आली नाहीत.
"साखर तीन चमचे," म्हणाला,
"आणि खाली जाताना
रिकामी टाकी कोण नेतंय?"